अलंकार ओळखून झाला, आता पुढचा प्रश्न विचारा

प्रति,
मराठी भाषा समितीचे सर्व सदस्य,
बालभारती, पुणे



मी मोहोळमध्ये मराठी शिकवतो. नव्या शैक्षणिक धोरणानुसार राज्यातली पाठ्यपुस्तके टप्प्याटप्प्याने बदलत आहेत. २०२५-२६ मध्ये पहिलीपासून सुरुवात झाली आणि माध्यमिक वर्गांची पुस्तकेही त्याच वाटेवर आहेत. पुस्तक एकदा छापून आले की पुढे कित्येक वर्षे मुले तेच वाचतात. म्हणून सांगायचे ते आत्ताच सांगावे, या हेतूने हे पत्र उघडपणे लिहीत आहे.

मागणी एकच आहे. 'अलंकार ओळखा' या प्रश्नापाशी आपण थांबतो. त्याला दुसरा प्रश्न जोडा: हा अलंकार इथे कोणते काम करतो? आणि उदाहरणे फक्त कवितेतून घेऊ नका. अग्रलेख, भाषण, जाहिरात, सरकारी सूचना, चौकातला फलक यांतली वाक्येही मुलांपुढे ठेवा.

आज काय होते ते आपल्याला ठाऊक आहेच. उपमेय, उपमान, साधर्म्य आणि साधर्म्यवाचक शब्द ही चौकट मुले पाठ करतात. 'सम, समान, सारखा, परी' दिसले की उपमा. 'जणू, गमे, भासे, वाटे' दिसले की उत्प्रेक्षा. हुशार मुलगा ओळ वाचतच नाही. तो खुणेचा शब्द शोधतो, अलंकाराचे नाव लिहितो आणि पूर्ण गुण घेतो. पुढे स्पर्धा परीक्षेच्या तयारीतही तो हेच करतो. कवीने ती तुलना का केली, दुसरी का केली नाही, तुलना काढून टाकली तर मागे काय उरते, हे त्याला कोणीच विचारलेले नसते.

मात्र हाच मुलगा शाळेतून बाहेर पडला की अलंकारांच्या गर्दीत शिरतो. मोहोळ हे सोलापूर-पुणे महामार्गावरचे तालुक्याचे गाव. चौकात वाढदिवसाचे, निवडणुकीचे, बियाण्यांचे, क्लासेसचे फ्लेक्स एकावर एक चढलेले असतात. कोणी कार्यसम्राट असतो, कोणी विकासपुरुष, कोणी तालुक्याचा भाग्यविधाता. मोबाइलवर आलेला प्रत्येक दुसरा संदेश यमकात असतो. पुस्तकातल्या अलंकारांपेक्षा हे अलंकार मुलांच्या आयुष्यावर जास्त परिणाम करतात. ते त्यांच्या घरचा पैसा, शेतातली फवारणी आणि उद्याचे मत ठरवू पाहतात.

वर्गासाठी मी अशी वाक्ये स्वतः रचतो. कोणा व्यक्तीचे, पक्षाचे वा कंपनीचे नाव त्यांत येऊ देत नाही. 'दादांसारखे दादाच' हे त्यांतले एक. फळ्यावर लिहिले की पुढच्या बाकावरून उत्तर येते, "सर, 'सारखे' आलंय, म्हंजे उपमा की!" खुणेच्या शब्दावर चालणाऱ्या शिकवणीचे हे सरळ फळ. मग मागून कोणीतरी म्हणते, "पण सर, तुलना दुसऱ्या कुणाशी केलीच न्हाई." तिथून धडा खरा सुरू होतो. हा अनन्वय. ज्याला उपमा द्यायची त्याचीच उपमा त्याला दिली आहे. आता काम विचारा. तुलनेसाठी दुसरे माणूसच समोर ठेवले नाही, तर मोजमापही उरत नाही. मागच्या पाच वर्षांत गावात किती कामे झाली, शेजारच्या तालुक्यात किती झाली, हा प्रश्न त्या वाक्याने विचारायच्या आधीच मिटवून टाकला. आईबद्दल किंवा विठ्ठलाबद्दल असे म्हटले तर त्यात प्रेम आहे, कारण तिथे मोजमाप नकोच असते. लोकप्रतिनिधीबद्दल म्हटले तर हिशेब टळतो. अलंकार एकच, जागा बदलली की त्याचे काम बदलते.

दुसरे वाक्य: 'ही दरवाढ नाही, हे दरांचे सुसूत्रीकरण आहे.' ही अपन्हुती. समोरची वस्तू नाकारायची आणि ती दुसरीच आहे असे सांगायचे. कवितेत ही युक्ती डोळ्यांना नवे रूप दाखवते. सूचनाफलकावर आली की ती खिशातून गेलेले पैसे दिसेनासे करते. 'तांत्रिक कारणास्तव काउंटर बंद' ही पुष्कळदा व्याजोक्ती असते. खरे कारण झाकून दुसरेच पुढे केलेले असते. व्याख्या मुलांना पाठ असते. ती व्याख्या बसस्थानकावर, कचेरीत, दुकानात उपयोगी पडते हे मात्र आपण त्यांना कधी दाखवले नाही.

तिसरे वाक्य डाळिंबाचे, कारण या जिल्ह्यात ते घरोघरी समजते. सोलापूरच्या डाळिंबाला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र सोलापूरजवळ केगावला आहे. आणि तेल्या रोगाने किती बागा घालवल्या हे आमच्या मुलांना पुस्तकातून वाचावे लागत नाही. मी फळ्यावर लिहितो, 'एक फवारा, तेल्याला उतारा.' यमक सगळे ओळखतात. मग मुलांना सांगतो, हेच वाक्य यमक काढून लिहा. 'हे औषध एकदा फवारले की तेल्या बरा होतो.' तेच म्हणणे साध्या गद्यात आले आणि लगेच प्रश्न उभे राहिले. कोणते औषध? किती प्रमाणात? लेबलवर या रोगाचे नाव आहे का? तेल्या हा जिवाणूजन्य रोग आहे. कीटकनाशकाने तो जात नाही. पावसाळी, दमट हवेत तो झपाट्याने पसरतो. रोगट फांद्या छाटणे, पडलेली फळे गोळा करून नष्ट करणे, छाटणीची कात्री निर्जंतुक करणे, बहार विचार करून धरणे, बोर्डो मिश्रणासारख्या फवारण्या वेळेवर करणे, हे सगळे जुळून आले तर तो आटोक्यात राहतो. एका फवाऱ्याचा तो रोगच नाही. हे ज्ञान शेतकऱ्याच्या मुलाकडे असते. फक्त नाद कानावर पडत असताना ते बाहेर येत नाही.

नादाची ही ताकद अभ्यासकांनी तपासली आहे. मॅथ्यू मॅकग्लोन आणि जेसिका तोफिगबक्ष या अमेरिकेतल्या संशोधकांनी २००० मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. अपरिचित म्हणी लोकांना दोन रूपांत वाचायला दिल्या, यमक असलेल्या आणि तोच अर्थ ठेवून यमक मोडलेल्या. यमक असलेल्या म्हणी लोकांना अधिक खऱ्या वाटल्या. पण वाचणाऱ्यांना आधी सांगितले की शब्दांची गोडी वेगळी आणि म्हणणे वेगळे, ती वेगळी करून पाहा, तेव्हा हा परिणाम ओसरला. माझ्या मागणीला याहून मोठा आधार नाही. एका वाक्याच्या सूचनेने इतका फरक पडत असेल, तर शाळेतल्या वर्षानुवर्षांच्या सरावाने किती पडेल?

रूपकाचेही तसेच. पॉल थिबोडो आणि लेरा बोरोडित्स्की यांनी २०११ मध्ये एका काल्पनिक शहरातल्या गुन्हेगारीचा वृत्तांत लोकांना वाचायला दिला. काहींच्या वृत्तांतात गुन्हेगारी हे शहरावर झडप घालणारे श्वापद होते, काहींच्या वृत्तांतात शहराला ग्रासणारा विषाणू. आकडे दोन्हीकडे तेच. श्वापद वाचलेल्यांचा कल पकडण्याकडे आणि शिक्षेकडे अधिक होता. विषाणू वाचलेल्यांपैकी जास्त जणांनी कारणे शोधायला आणि समाजात सुधारणा करायला सुचवले. आपले मत कशामुळे बनले असे विचारले, तर बहुतेकांनी आकड्यांकडे बोट दाखवले. रूपकाचे नाव फार थोड्यांनी घेतले. आमच्याकडे 'दुष्काळाशी युद्ध' असे म्हटले की मनात टँकर, छावण्या आणि तातडीची रसद येते. तोच दुष्काळ 'जमिनीचा जुना आजार' म्हटला की पीकपद्धती, बोअरची खोली आणि पाण्याच्या सवयी डोळ्यांपुढे येतात. दोन्ही रूपके आपापल्या जागी खरी आहेत. पण कोणते निवडले यावर पुढची चर्चा कुठे जाणार ते ठरते. पंधरा वर्षांच्या मुलामुलींना हे नक्की समजते.

हा आग्रह बाहेरून आणलेला नाही. भरताच्या नाट्यशास्त्रात अलंकार चारच आहेत: उपमा, दीपक, रूपक आणि यमक. पुढे यादी वाढत गेली आणि अप्पय्य दीक्षितांच्या कुवलयानंदापर्यंत ती शंभरावर पोचली. आपण शाळेत ही यादी घेतली. त्याच परंपरेने उभा केलेला विचार मात्र मागे राहिला. नवव्या शतकातल्या आनंदवर्धनाने ध्वन्यालोकात सांगितले की अलंकार रसाच्या अधीन असावा; तो योग्य वेळी घ्यावा, योग्य वेळी सोडावा, फार ताणू नये. अकराव्या शतकात काश्मीरच्या क्षेमेंद्राने औचित्यावर स्वतंत्र ग्रंथच लिहिला. हा अलंकार इथे, या वेळी, या माणसाच्या तोंडी शोभतो का, हा प्रश्न आपल्याच शास्त्रकारांनी मध्यभागी ठेवला होता. मी तो प्रश्नपत्रिकेत परत मागतो आहे.

मराठीत तर या प्रश्नाने माणसे तुरुंगात गेली आहेत. १५ जून १८९७ च्या केसरीत 'शिवाजीचे उद्गार' ही कविता आली. तीत शिवाजी महाराज परत येऊन देशाची अवस्था पाहतात आणि बोलतात, अशी कल्पना आहे. त्याच अंकात शिवाजी उत्सवाचा वृत्तांत होता. २२ जूनला पुण्यात प्लेग अधिकारी रँडवर गोळ्या झाडल्या गेल्या. त्यानंतर 'सरकारचे डोके ठिकाणावर आहे काय?' हा अग्रलेख आला. त्या मथळ्याचे व्याकरण प्रश्नाचे आहे, पण त्याला उत्तर नको आहे. एकही विधान न करता तो सगळे सांगून जातो. जुलै संपायच्या आत केसरीचे संपादक टिळक यांना अटक झाली आणि मुंबई उच्च न्यायालयात राजद्रोहाचा खटला चालला. खटल्याच्या केंद्रस्थानी १५ जूनचे लेखन होते. इतिहासपुरुषाच्या तोंडी घातलेले बोल हे आजच्या सरकारविरुद्धची चिथावणी ठरतात का? नऊ ज्यूरींपैकी सहा युरोपियनांनी दोषी म्हटले, तीन भारतीयांनी निर्दोष. टिळकांना अठरा महिन्यांची सक्तमजुरी झाली. मजकूर एकच, वाचन दोन. 'हा अलंकार कोणते काम करतो' या प्रश्नाचे उत्तर त्या दिवशी बहुमताने ठरले. शिवराम महादेव परांजप्यांच्या 'काळ'मधली वक्रोक्ती आणि उपहास याच कायद्याच्या छायेत वाढले. १९०८ मध्ये त्यांनाही राजद्रोहाची शिक्षा झाली. दहावीच्या मुलाला हा इतिहास अलंकाराच्या पाठात भेटला, तर वक्रोक्ती कायमची त्याच्या लक्षात राहील.

अलंकार म्हणजे फसवणूक, असा धडा मुलांनी घ्यावा हे मला अजिबात नको आहे. संशयानेच वाचणारा मुलगा कवितेला मुकतो आणि चांगल्या विचारालाही. म्हणून दुसऱ्या बाजूची उदाहरणे तितक्याच ठळकपणे पुस्तकात हवीत.

त्यांतले पहिले महानुभाव पंथातल्या केशोबासांच्या दृष्टांतपाठाचे. चक्रधरस्वामींनी निरूपणात सांगितलेले ११४ दृष्टांत केशोबासांनी एकत्र केले. त्याची मांडणी तीन भागांची आहे. आधी सूत्र, मग दृष्टांत, मग दार्ष्टांतिक. सूत्रात म्हणणे येते, दृष्टांतात गोष्ट येते, आणि गोष्टीतला कोणता भाग म्हणण्याला लागू होतो ते दार्ष्टांतिकात सांगितलेले असते. हत्ती चाचपणाऱ्या जन्मांधांची गोष्ट आपण सगळ्यांनी ऐकली आहे. पण गोष्ट सांगून झाल्यावर तिचा हिशेब वाचकापुढे मांडण्याची ही शिस्त आपल्या सुरुवातीच्या गद्यातच होती, हे किती जणांना माहीत आहे? आमच्या तालुक्यातली मुले शाळेत यायच्या आधी सप्ताहातल्या कीर्तनात दृष्टांत ऐकतात. गोष्ट त्यांना पाठ असते. तिसरा भाग तेवढा त्यांच्याकडून करून घ्यायचा आहे. उद्या कोणी व्यासपीठावरून छान गोष्ट सांगून टाळ्या घेतल्या, तर ही मुले मनात विचारतील: गोष्ट कळली, पण ती इथे कशी लागू होते?

दुसरे उदाहरण डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे. ३१ जानेवारी १९२० रोजी 'मूकनायक'चा पहिला अंक निघाला. त्याच्या अग्रलेखात हिंदू समाजाला त्यांनी मनोऱ्याचे रूपक दिले. एकेक जात म्हणजे एकेक मजला, आणि मजल्यांना जोडणारा जिनाच नाही. ज्या मजल्यावर जन्म, त्याच मजल्यावर मरण. हे रूपक शोभेला आलेले नाही. समाजाला देहाची उपमा देण्याची आपल्याकडे जुनी रीत आहे. देहात डोके वर आणि पाय खाली असणे हे निसर्गाचे ठरते. पायांनी डोक्याच्या जागी जाण्याचा प्रश्नच येत नाही. मनोरा माणसाने बांधलेला असतो. बांधलेल्या वस्तूला बांधणारा असतो, नकाशा असतो, आणि जिना ठेवला नसेल तर त्याचा जाब विचारता येतो. उपमान बदलले आणि जे नैसर्गिक वाटत होते ते कोणीतरी ठरवून केलेले दिसू लागले. महात्मा फुल्यांनी १८८३ मध्ये 'शेतकऱ्याचा असूड' असे नाव दिले, तेव्हा आयुष्यभर बैलावर चालणारी वस्तू शेतकऱ्याच्या हातात राहिली आणि तिची दिशा बदलली. अलंकाराने सत्य झाकता येते तसे उघडेही करता येते. मुलांना दोन्ही दाखवा. मग कोणता अलंकार कुठल्या बाजूचा आहे, हे ती स्वतः ठरवू शकतील.

आता नेमक्या सूचना.

पहिली सूचना प्रश्नाच्या रचनेची. अलंकाराच्या दोन गुणांपैकी एक ओळखण्याला ठेवा, एक कामाला. 'अलंकार काढून हे वाक्य साध्या भाषेत लिहा आणि काय बदलले ते एका वाक्यात सांगा.' याचे उत्तर पाठ करता येत नाही. वाचूनच द्यावे लागते.

दुसरी सूचना जाहिरातीची. उपयोजित लेखनात मुलांना जाहिरात लिहायला असते, आणि तिची भाषा आकर्षक, आलंकारिक असावी असे आपण शिकवतो. लिहिण्याइतकेच वाचणेही ठेवा. एक काल्पनिक जाहिरात द्या आणि तीत पडताळता येईल असे विधान कोणते, नुसती अतिशयोक्ती कोणती, हे विचारा. हा भेद नियमांना आणि कायद्यालाही लागतो. भारतीय जाहिरात मानक परिषदेच्या संहितेत उघडपणे गमतीची दिसणारी अतिशयोक्ती चालते. खरे विधान समजून कोणी फसेल अशी चालत नाही. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीसाठी दंड आहे. अतिशयोक्तीच्या पाठाच्या शेवटी ही चार वाक्ये आली, तर व्याकरण आणि नागरिकशास्त्र एकाच तासात शिकवून होईल.

तिसरी सूचना शिक्षकांसाठीच्या पुस्तिकेची. तीत जिल्ह्याजिल्ह्यातले साहित्य सुचवा. आमच्या जिल्ह्यात सोलापूरचे शाहीर राम जोशी आहेत, सांगोला तालुक्यातल्या नाझऱ्याचे श्रीधर आहेत, मंगळवेढ्याचे चोखोबा आहेत. मोहोळ-वडवळच्या नागनाथांना मानणाऱ्या नागेश संप्रदायाचीही स्वतःची मराठी रचना आहे. घराजवळचा कवी कळला की अलंकार परका वाटत नाही.

यावर हरकती येतील, त्यांचाही विचार केला आहे. वर्गात राजकारण येईल, असे कोणी म्हणेल. म्हणूनच चालू काळातली वाक्ये रचलेली असावीत आणि खरी उदाहरणे इतिहासातली. एखादे वाक्य कोणाच्या बाजूचे आहे हे विचारूच नका. ते कसे बांधले आहे एवढेच विचारा. तपासणी अवघड होईल, अशीही हरकत येईल. एका गुणाला तीन निकष पुरतात: साधे वाक्य अर्थाला धरून आहे का, बदल नेमका सांगितला आहे का, कारण दिले आहे का. कवितेचे सौंदर्य विस्कटून जाईल, ही तिसरी भीती. माझा वर्गातला अनुभव उलट आहे. फलकावरची अतिशयोक्ती उलगडून पाहिलेली मुलगी कवितेतल्या अतिशयोक्तीपाशी जास्त वेळ थांबते. इथे कोणी काही विकत नाही, मग हा माणूस एवढे मोठे का बोलतो आहे, असे ती विचारते, आणि कवीच्या भावनेपर्यंत पोचते.

३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र सरकारने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला. त्याचा अभिमान आम्हालाही आहे. पण भाषेची थोरवी तिच्या जुन्या ग्रंथांइतकीच आज ती वाचणाऱ्यांच्या जाणतेपणावरही टिकते. आमच्या तालुक्यातली बरीच मुले दहावी-बारावीनंतर शेतात, दुकानात, कारखान्यात, पुण्याच्या औद्योगिक वसाहतींत कामाला लागतात. मराठीचा तास त्यांच्या आयुष्यात पुन्हा येणार नाही. त्यानंतर कर्जाची माहितीपत्रके, औषधांची लेबले, भरतीच्या जाहिराती आणि मते मागणारी भाषणे त्यांना एकट्यानेच वाचायची आहेत.

म्हणून एक नमुना कृती सोबत देतो. 'हे कर्ज नाही, तुमच्या स्वप्नांचे पंख आहेत. (अ) अलंकार ओळखा. (आ) वाक्य साध्या भाषेत लिहा. (इ) सही करण्यापूर्वी तुम्ही कोणते दोन प्रश्न विचाराल?' नव्या पुस्तकात अशी एक तरी कृती घ्या, एवढीच विनंती. तिसऱ्या उपप्रश्नाची उत्तरे आमची मुले उत्तम लिहितील, याची खात्री मी देतो.

आपला,
मोहोळमधील एक मराठीचा शिक्षक